नानांचे खांदे

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोइम्बतूरला, पंपाच्या कारखान्यात जेवायला बसलो होतो. "झोपेत गेले, काही त्रास झाला नाही," त्यांचा मुलगा म्हणाला. इतकं न अडखळता म्हणाला की मला शंका आली. पाठ केल्यासारखं वाटलं ते...

नाना एरंडोलचे. विहिरीवरचे पंप दुरुस्त करायचे. मी नववीत शाळा सोडली तेव्हा त्यांनी मला हाताशी घेतलं; आज माझ्या घरात चूल पेटते ती त्यांच्यामुळे. पहिल्यांदा विहिरीत उतरलो आणि अर्ध्यावरच पायरीला मिठी मारून बसलो. हवा आत जाईचना. नानांनी मला वर काढलं, निंबाखाली उताणं झोपवलं आणि पोटावर पाइपपाना ठेवला. "हाऊ पाना वर उना पाहिजे. खांदा हालाडू नको." मग समजावलं, की फुप्फुसांच्या खाली एक पडदा असतो. तो खाली सरकतो, फासळ्या बाहेर उचलल्या जातात, आत जागा होते आणि बाहेरची हवा आपसूक शिरते. आपल्या पंपासारखंच, जागा केली की झालं. सोडताना तर काही करावंच लागत नाही, फुप्फुस स्वतःच आवळतं. "जो खांदाघाई श्वास लेस ना, त्याना पडदा थकेल शे, समजी ले."

खांद्यानं श्वास घेणाऱ्याचा पडदा थकलेला असतो, हे ऐकल्यापासून मला माणसांचे खांदे बघायची खोड लागली.

दर रविवारी संध्याकाळी मी त्यांना फोन करायचो. दिवाळीनंतर नाना व्हिडिओ नको म्हणू लागले. "मोबाइलनी काच फुटेल शे." वाक्यंही आखूड झाली. एकदा नातीनं चुकून व्हिडिओ लावला. गळ्याखालचे खड्डे आत ओढले जात होते, खांदे वरखाली होत होते. मी विचारलं, "नाना, खांदे का हलताहेत?"

"हसी ऱ्हायनू रे... तुन्हं तोंड देखीसन!"

मीही हसलो. मला कळलं नव्हतं, असं आता कोणत्या तोंडानं म्हणू? नुकताच सुपरवायझर झालो होतो, सुट्टी मागायची भीती वाटत होती. घरच्यांवर संशय घेता घेता बोट माझ्याकडेच वळतं...

दशक्रियेला गेलो. नानांच्या बायकोला, अक्कांना, जरा रागानंच विचारलं, "मला का कळवलं नाही?"

"त्यास्नी सांगू दिधं नही. तू घाबरट, नोकरी सोडीसन पयत येशी, म्हनेत."

मला तेही पूर्ण खरं वाटलं नाही. अक्कांनी ते ओळखलं असावं. मला खिडकीजवळच्या टेबलापाशी नेलं. वरच्या रेक्झिनवर दोन जागी फुलांची नक्षी पार घासून गेली होती. "आठे कोपरं टेकीसन बसेत. तशे बसनात म्हंजे श्वास ये. रविवारे तुन्हा फोन येवाना शे म्हनीसन सकायपासून दम राखीसन बसेत, कोनासंगे बोलेत नहीत. मन्हासंगे बी नही."

आणि मी त्या फोनवर काय बोलायचो? इथला भात, इथली भाषा, साहेबाची कटकट. नाना मधूनमधून "मंग?" एवढंच म्हणायचे. मला संशय यायचा, त्यांचं लक्षच नाही माझ्याकडे.