उकंडरावांची नडगी

वरवट बकालमध्ये कोणाच्याही अंगावर फोड उठला की उकंडराव औषध सांगायला हजर. शेती होती, पण मन रमायचं दुसऱ्यांच्या दुखण्यात. शेजारच्या कडूबाच्या बसायच्या जागी गळू झालं, तेव्हा यांनी असा लेप लावला की बिचारा पुतण्याच्या लग्नात उभ्यानं जेवला.

मग उकंडरावांच्याच नडगीवर पुटकुळी आली. बघता बघता तिची जखम झाली, कडा जांभळ्या पडल्या. कडूबा वाटी घेऊन दारात उभा.

"लावा न भाऊ, तुमचाच लेप हाये."

उकंडरावांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

जवळच्या एका डॉक्टरनं सडका भाग कापला, तर जखम दुप्पट झाली. शेवटी मुलगा राजकुमार त्यांना अकोल्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी जखमेच्या काठाचा बारीक तुकडा तपासून घेतला.

"ही जखम जंतूंची नाही. रोगाशी लढणारी तुमचीच ताकद तुमच्या कातडीवर उठलीय. आता चाकू लावायचा नाही, कापलं की ही वाढते."

"म्हंजे माह्या अंगातच भाऊबंदकी लागली!"

गोळ्यांनी जखम हटेना, वर त्या गोळ्यांनीच रक्तातली साखर चढली. मग अंगात क्षय लपलेला नाही ना हे तपासून, ही उलटलेली ताकद दाबणारं बायोलॉजिक इंजेक्शन ठरलं. दर पंधरवड्याला, पोटावर, घरीच. ते टोचायला नर्सनं उकंडरावांच्या बायकोला, पुष्पाबाईंना, शिकवलं. लग्नापासून नवऱ्याचे हुकूम झेलणाऱ्या बाईच्या हातात सुई आली.

"पोट उघडं करा."

"हळू टोच व."

"गप बसा. हालले तं पुन्हा टोचीन."

इंजेक्शनं फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे गेली. उकंडरावांना तिथे हात लावायची बंदी. या औषधानं बाहेरचा रोग लवकर जडतो, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून खोकत आलेल्या व्याह्यांना पुष्पाबाईंनी ओट्यावरच चहा पाजला आणि तिथूनच वाटेला लावलं.

आधी ठणका थांबला. एका सकाळी पट्टी सोडताना कडा बसलेल्या दिसल्या. उकंडरावांनी वाकून जखम न्याहाळली. मग हळूच म्हणाले, "काऊन व, बरी होईन काय?"

"हाव. नाई झाली तं टोचाले मी हावच."

दिवाळीनंतर जखम भरली. मागे चुरगळलेल्या कागदासारखा डाग उरला. उकंडराव बाजारात भेटेल त्याला धोतर वर करून तो दाखवू लागले. बाया तोंडाला पदर लावून पळायच्या. पुष्पाबाईंनी सगळी धोतरं पेटीत घातली आणि घोट्याशी घट्ट बसणारे पायजमे शिवून आणले.