सीट कव्हरच्या आत अडकलेली एअरबॅग

"स्प्लीन फाटलीय," सीटी स्कॅन बघत डॉक्टर म्हणाले. स्प्लीन म्हणजे प्लीहा, डाव्या बरगड्यांखालचा मुठीएवढा अवयव. "रक्तस्राव आपोआप थांबला तर ठीक. नाहीतर ऑपरेशन करून काढावी लागेल. दोन दिवस जिवाला धोका आहे."

मी आयसीयूबाहेर बसून होतो. आत वैशाली, माझी बायको. सकाळी मोशीच्या चौकात टेम्पोने आमच्या गाडीच्या डाव्या दाराला धडक दिली. त्या बाजूला ती होती. गाडी मी चालवत होतो. मला खरचटलंही नाही.

दर सहा तासांनी हिमोग्लोबिन तपासत. आकडा घसरला की आत रक्त वाहतंय असं समजायचं. पहिल्या दिवशी दोनदा घसरला. कंपनीत माझ्या लाइनवर काम करणारे चौघे चाकणहून रक्त द्यायला धावत आले. त्यांचे उपकार कसे फेडू?

दुसऱ्या दिवशी कागदपत्रं काढायला गाडीपाशी गेलो. डाव्या सीटची एअरबॅग उघडली होती, पण रेक्झिनच्या कव्हरच्या आतच चोळामोळा होऊन अडकली होती.

आता लाज सोडून सांगतो. मी सीट बनवणाऱ्या कंपनीत आहे. साइड एअरबॅग सीटच्या कडेची शिवण फाडून माणूस आणि दार यांच्या मध्ये येते, म्हणून तिथे मुद्दाम कच्चा दोरा वापरतात. नव्या मुलांना हे मीच शिकवतो. आणि घरी नवी गाडी आली तेव्हा सीट मळू नये म्हणून पहिल्याच रविवारी पिंपरीत जाऊन घट्ट कव्हरं मीच चढवून आणली. सगळेच चढवतात ना!

"कव्हर नसतं तर मार कदाचित कमी बसला असता," मी हे सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले. "खात्रीने कोणीच सांगणार नाही." त्या 'कदाचित'ने माझी झोप उडवली आहे.

तिसऱ्या दिवशी आकडा स्थिर झाला. प्लीहा वाचली. वैशालीला वॉर्डात आणल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं? तिथे बसत तर मी होते."



आता ती हिंडतेफिरते. तुमच्या सीटच्या कडेला एअरबॅगचं छोटं लेबल असेल, तर ती कड झाकणारं कव्हर आजच काढा. परवा पार्किंगमध्ये शेजाऱ्यांना हेच सांगत होतो. ते हसले, "सीट खराब होईल ना राव!"

वैशाली त्यांच्याशी बोललीच नाही. त्यांच्या बायकोकडे वळून म्हणाली, "वहिनी, डावीकडे तुम्हीच बसता ना?"

वहिनींनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. शेजाऱ्यांनी गाडीचं दार उघडलं आणि ते कव्हरचे हूक काढायला लागले.