रेवाबाईंचा राग

दिवाळीची सुट्टी लागली त्याच दिवशी रतिलालभाऊंचा फोन आला. तापीकाठच्या त्यांच्या गावात मुलींच्या शाळेची नवी इमारत झाली होती. हॉलमध्ये त्यांच्या आजीचं, रेवाबाईंचं मोठं चित्र लावायचं होतं… आणि ते मीच काढायचं होतं.

मी म्हसावदला राहते, शहाद्याला शाळेत चित्रकला शिकवते. माणसांचे चेहरे काढण्यात माझा हात चांगला आहे, हे सांगताना मी उगाच लाजत नाही. लगेच हो म्हटलं.

रेवाबाई म्हणजे त्या गावचं मोठं नाव. इंग्रजांच्या काळात, तरुणपणीच विधवा झालेल्या या बाईने स्वतःच्या ओसरीवर मुलींची शाळा काढली. आज त्या गावच्या मुली डॉक्टर आहेत, तलाठी आहेत, पोलिसात आहेत… सुरुवात त्या ओसरीपासून.

अडचण एकच. रेवाबाईंचा एकही फोटो नाही, आणि भाऊंच्या जन्माआधीच त्या गेल्या. घरच्यांनी ऐकीव माहिती दिली… उंच होत्या, सावळ्या होत्या, नाक भाऊंच्या बहिणीसारखं. "बाकी चेहरा देवीसारखा येऊ द्या मॅडम," भाऊ म्हणाले.

तसाच आणला. डोक्यावर पदर, डोळ्यांत माया, ओठांवर मंद हसू. चित्र घरच्यांच्या ग्रुपवर गेलं आणि हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. मलाही आवडलं होतं, खरं सांगते.

ओसरीवरच्या त्या शाळेतली एकच विद्यार्थिनी आता हयात आहे. मंछाआजी, नव्वदी ओलांडलेल्या. चित्र द्यायच्या आधी त्यांना दाखवावं म्हणून गेले. अंगणात नुकताच वेचून आणलेला कापूस पडला होता, आणि आजी बाजेवर बसल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर एकदम लख्ख.

चित्र समोर धरलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं.

"हाई कोन शे?"

"तुमच्या रेवाबाई, आजी."

"न्हई. हाई आमनी बाई न्हई शे. आमनी बाई इतली हासत नव्हती."

मी जरा हिरमुसले… पण बाजेच्या कडेला टेकले आणि म्हटलं, मग कशा होत्या ते सांगा.

आजींनी सांगितलं. त्या लहान असताना वडिलांनी त्यांची शाळा बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाबाई दारात हजर… आणि भर अंगणात, सगळ्या गल्लीसमोर, त्यांनी वडिलांना जाब विचारला. वडील म्हणाले, "पोर शाळामा जाई त भाकरी कोन करी?"

"तू कर," रेवाबाई म्हणाल्या.

गल्ली हसली. वडिलांनी पुढे कित्येक महिने रेवाबाईंशी बोलणं टाकलं. गावातल्या लग्नकार्यांची आमंत्रणंही त्यांना येईनाशी झाली… पण मंछा मात्र पुन्हा शाळेत जाऊ लागली.

मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटायची त्यांची?"

"आमले न्हई," आजी म्हणाल्या, "आमना बापस्ले."

घरी आले आणि त्या देवीसारख्या चेहऱ्यावर सरळ पांढरा रंग फिरवला. नाक तेच ठेवलं. भुवया जवळ आणल्या, ओठ मिटले, हनुवटी किंचित वर घेतली. डोळे असे केले की बघणाऱ्याने आधी उत्तर तयार ठेवावं.

भाऊ पाहायला आले आणि दोन पावलं मागे सरले. मग म्हणाले, "मॅडम, हे काय केलंत? पाहुण्यांसमोर आमची आजी भांडायला निघाल्यासारखी दिसते."

"भाऊ, त्या भांडायलाच निघाल्या होत्या."

त्यांना पहिलाच चेहरा परत हवा होता. मी नाही म्हटलं. दुसऱ्या कुणाकडून चित्र करून घ्या, माझं काही म्हणणं नाही, पण हा चेहरा मी बदलणार नाही… फक्त आधी एकदा मंछाआजींना भेटा. भाऊ रागातच गेले. काम हातचं जाणार असं वाटलं, वाईटही वाटलं. पण चित्र बरोबर आहे याबद्दल मनात शंका नव्हती.

भाऊ आणि मंछाआजी एकाच गावात राहतात, दोन गल्ल्या सोडून. इतक्या वर्षांत भाऊंनी त्यांना आपल्या आजीबद्दल कधी विचारलंच नव्हतं. त्या आठवड्यात विचारलं. मग त्यांचा फोन आला. "चित्र तसंच राहू द्या मॅडम. आणि पडदा मंछाआजींच्या हातून काढू."

परवा रविवारी कार्यक्रम झाला. हॉल भरलेला, पुढच्या रांगांत शाळेच्या मुली. आजींनी पडदा ओढला, मान वर करून पाहिलं… आणि नातीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. पदर नीट केला. वाकलेली पाठ होईल तेवढी ताठ केली.

"हजर, बाई."

मुली खुदकन हसल्या. आजी वळल्या आणि त्यांना दटावलं, "हासू नका. बाई देखी ऱ्हायनी."

मुलींनी वर चित्राकडे पाहिलं. बाई खरंच बघत होत्या.

मोठ्या माणसांना आपण चित्रांत फार गोड करून टाकतो, असं मला त्या दिवसापासून वाटतंय. माझ्या पणजीच्या पिढीत अशीच कुणी बाई कुणाच्या तरी अंगणात उभी राहिली असेल, म्हणून आज माझ्या हातात ब्रश आहे. तिचं नाव मला माहीत नाही… पण ती हसत नसणार, एवढं नक्की. तिला नमस्कार. आणि माझं छान जमलेलं चित्र नाकारल्याबद्दल मंछाआजींचे मनापासून आभार.