टाक्यातल्या हाका

गडावरच्या कोरड्या टाक्यापाशी वाटाड्या काका जुनी गोष्ट सांगत होते. दोघा भावांना या टाक्याच्या तळाशी सोन्याचा हंडा सापडला. धाकट्याने तो दोराला बांधून वर पाठवला. थोरल्याने हंडा सोडवून घेतला आणि दोर परत खाली टाकलाच नाही. खालून हाका येत राहिल्या.

"आणि थोरला?" माझ्या दादाने विचारलं.

"हंडा घेऊन कडा उतरताना घसरला. हंडा सोडून झाड धरलं असतं, तर वाचला असता."

आम्ही दोघे हसलो, पण एकमेकांकडे पाहिलं नाही. वडिलांच्या घराची वाटणी अजून व्हायची होती. मला टाक्यात डोकावून पाहवेना.

उतरताना निसरड्या पायऱ्यांवर दादाने हात पुढे केला. मी तो धरला. दुसऱ्या हाताने धरलेला कातळ मात्र सोडला नाही.