कँटीनचं ताट

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या टर्नरचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मोशीला बसमध्ये चढायचा आणि पिंपरी येईपर्यंत तळहातात रुतलेला लोखंडाचा कीस काढत राहायचा. त्याला नोकरी सोडून घरच्या पडवीत लेथ मशीन टाकायचं होतं. सुरुवातीला त्यातून जेवढे पैसे सुटतील असा अंदाज होता, पगारातल्या तेवढ्यातच बायकोनं सहा महिने घर चालवून बघायचं, उरलेला पगार पोस्टात ठेवायचा आणि निभलं तर राजीनामा द्यायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

ओढूनताणून निभलं. राजीनामा खिशात घेऊन तो दुपारी कँटीनमध्ये माझ्यासमोर बसला. चपाती मोडताना त्याचा हात थांबला.

"राव, हे जेवण हिशेबात धरलंच न्हाई."

"कुठलं?"

"माझं. हितला चहा, नाष्टा, हे ताट. सा महिने बायकोनं घर चालवलं खरं, पर दिवसभर मी घरात नव्हतोच की."

त्यानं खिशातला राजीनामा चाचपून आणखी आत सारला. मग उठून आणखी भात वाढून घेतला.

उद्याही बसमध्ये शेजारी तोच असणार, म्हणून मला बरं वाटलं. तसं बरं वाटल्याची अजून लाज वाटते.