शिक्क्यावरचं कुंकू

आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी आईची बोटं काळी व्हायची. बन्नीमंटपाच्या मागच्या गल्लीत दीड खोली, त्यातल्या अर्ध्या खोलीत उदबत्तीचा काळा लगदा, काड्यांच्या जुड्या आणि एक उतरती फळी. आई उदबत्त्या वळायची, मीही वळायची, आणि तेच हात घासून शाळेत जायची. घासून काही निघत नसे. बाईंनी हात दाखवायला सांगितलं की मी मुठी मिटून घ्यायची. म्हैसूरच्या उदबत्तीचा वास म्हणे जगभरच्या देवघरांत जातो. आमच्या घरात खोकला राहायचा.

अप्पा मेटगळ्ळीच्या एका वर्कशॉपात लेथवर होते. आमचे पूर्वज राजाच्या फौजेत घोडेस्वार होते असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं, ते त्यांनी आम्हाला सांगितलं. घोडा गेला, तलवार गेली. घरात बोलायला मराठी उरली, तीही अर्धी कन्नड. संध्याकाळी अप्पांच्या शर्टात लोखंडाचा किस अडकलेला असायचा, स्प्रिंगसारखा वळलेला आणि चक्क निळा. मी विचारायची, "अप्पा, लोखंड निळं कसं झालं?" ते म्हणायचे, "मला काय ठाऊक, सरू! तू शीक आणि मला सांग की."

म्हणून मी शिकले. धातुशास्त्रात बी.ई. झाले. सातवी पास झालेल्या अप्पांच्या आणि शाळेची पायरी न चढलेल्या आईच्या घरातली पहिली पदवी. पुढच्या शिक्षणासाठी कॅनडात प्रवेशही मिळाला. नव्हता फक्त पैसा. विमानाला नव्हता, पहिल्या सत्राला नव्हता. आमच्या समाजाची एक संस्था परदेशी शिकायला जाणाऱ्यांना मदत करायची. माझं नाव यादीत आलं. दसरा झाला की सोमवारी मूळ कागद दाखवायचे, तोच शेवटचा दिवस.

जे म्हैसूरबाहेर वाढले त्यांना सांगते. आमच्याकडे नवमीला आयुधपूजा असते. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. बस, रिक्षा, शिलाईमशीन, वजनकाटा, सगळ्यांना गंध-कुंकू लागतं आणि चाकाशी कोहळा फुटतो. आमच्या घरात दरवर्षी दोनच आयुधं मांडली जायची, अप्पांचा मायक्रोमीटर आणि आईची फळी. त्या वर्षी अप्पा म्हणाले, "तुझे कागद पण ठेव." मी सगळी फाईल पाटावर ठेवली आणि कोहळा आणायला बाजारात गेले.

परत येऊन बघते तर माझं पदवी प्रमाणपत्र फाईलबाहेर काढलेलं, पाटावर उघडं. लेथला लावतात तसे ओल्या गंधाचे तीन बोटांचे पट्टे आडवे ओढलेले. आणि मधोमध, विद्यापीठाच्या गोल शिक्क्यावर, रुपयाएवढं ओलं कुंकू. कागदावर सगळ्यांत देवासारखा तो शिक्काच दिसला असणार अप्पांना.

"अप्पा, हे काय केलंत!"

"अगं, फाईलीत राहिलं तर देवाला दिसणार कसं?" अप्पा हसत म्हणाले. आई हात जोडून उभी होती.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिते, कारण ते लपवून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "अडाणी ते अडाणीच राहिलात!" अप्पांचं हसू चेहऱ्यावर तसंच थोडा वेळ राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं. मग ते म्हणाले, "होगली बिडु, मी येतो संस्थेतल्या साहेबांना सांगायला." होगली बिडु म्हणजे जाऊ दे. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला त्यांनी हेच म्हटलं होतं.

सोमवारी आम्ही दोघं चामराजपुरमला संस्थेच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी राव आमच्याच समाजाचे, तीन पिढ्या शिकलेले. त्यांनी प्रमाणपत्र दोन बोटांत धरलं. "हे काय? कागद आणलास की पूजेचं ताट?" बाजूचा क्लार्क हसला. अप्पांनी हात जोडले. "चूक माझी आहे, साहेब. पोरीची नाही."

"चूक कुणाची का असेना, डाग पडलेली मूळ प्रत चालत नाही. शिक्का दिसतो का यात? विद्यापीठातून दुसरी प्रत आणा."

"त्याला तीन महिने लागतात, सर," मी म्हणाले. "मुदत आज संपते."

त्यांनी अप्पांकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "कागदाची किंमत कळायला वेळ लागतो हो. पहिल्या पिढीत असं व्हायचंच."

त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला कुंकू होतं. प्रिंटरला गंधाचे पट्टे होते, फाईलींच्या कपाटाला झेंडूची माळ. मागच्या भिंतीवर पूर्वजांच्या म्हणून दोन तलवारी टांगलेल्या, त्यांच्या पात्यांवर कुंकू अजून ताजं होतं. भिंतीवरून कधी न उतरणाऱ्या तलवारीला कुंकू लावलं की ती परंपरा, आणि माझ्या अप्पांनी घरातल्या पहिल्या पदवीला लावलं की तो डाग! हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. आजही चूल पेटवावी तसा तो राग माझ्यात पेटतो, आणि मला तो विझवायचा नाही.

मदत दुसऱ्या एका मुलाला मिळाली. मुलगा हुशार होता, खोटं का बोलू? माझं वर्ष गेलं, प्रवेश गेला. मी शिकवण्या घेतल्या, परत अर्ज केले. कॅनडातल्याच दुसऱ्या एका विद्यापीठानं संशोधनाच्या कामावर घेतलं, फी आणि राहण्याचा खर्च त्यातूनच भागणार होता. तीन महिन्यांची म्हटलेली दुसरी प्रत अजूनही आली नव्हती, म्हणून मी कुंकवाच्या प्रमाणपत्राचाच स्कॅन पाठवला आणि खाली चार ओळींत खुलासा लिहिला. तिथल्या प्रवेशाचं बघणाऱ्या बाईंचं एका ओळीचं उत्तर आलं: नाव आणि सही वाचता येते, पुरेसं आहे. इथले, कॅनडातले लोकही देव नाहीत. घर भाड्यानं देताना माझं आडनाव त्यांना फार लांब वाटलं होतं. पण त्या एका ओळीसाठी मी त्या बाईंना विसरणार नाही.

निघायच्या दिवशी बंगळूरच्या बसपाशी अप्पा उभे होते, खिशात कुंकवाची डबी. डबी काढली, सूटकेसकडे बघितलं आणि परत खिशात ठेवली. त्या दसऱ्यानंतर त्यांनी माझ्या एकाही वस्तूला बोट लावलं नव्हतं. राव साहेबांनी माझं एक वर्ष घेतलं, ते मी भरून काढलं. पण हे बोट आखडलं त्यात माझाही वाटा होता.

"लावा ना, अप्पा."

"चालतं काय गं तिकडं?"

"माझ्या बॅगेला माझ्या बापानं कुंकू लावलं तर कुणाचं काय जातं?"

त्यांनी लावलं. तीन पट्टे आणि मधोमध रुपयाएवढं. टोरांटोच्या विमानतळावर सामानाच्या सरकत्या पट्ट्यावरून फिरत आलेली माझी बॅग मी शंभर पावलांवरून ओळखली.

आता मी इथे पोलादाच्या गावात राहते. तुम्ही जे गल्लीतच राहिलात ते विचारता, घर कुठलं आता? जिथे कुणाला खुलासा लिहावा लागत नाही, ते. मागच्या वर्षी संस्थेचं पत्र आलं, समाजाची कन्या म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं आहे. मी कळवलं, सत्कार करायचाच तर अप्पांचा करा, आणि तो त्या दोन तलवारींखाली करा. उत्तर आलेलं नाही.

मी धातुशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. आईच्या बोटांचा काळेपणा गेला. ती आता उदबत्ती फक्त लावते. आणि तापलं की लोखंडावर एक पातळ थर चढतो, त्याच्यामुळे किस निळा दिसतो, हे मी अप्पांना सांगितलं.