बारीक आवाजाचा अॅम्प्लिफायर

"दुसऱ्यांदा आणलाय बघा," म्हणत माणिकरावांनी अॅम्प्लिफायर धाडकन काउंटरवर ठेवला. "बारीक आवाजात अजून खरखर करायलाय. तुमी दुरुस्त काय केलं मग?"

पूर्णा स्टेशनसमोरच्या दुकानात मी तेव्हा अॅम्प्लिफायर बनवायचो. माणिकराव जवळच्याच गावचे बागाईतदार. मेव्हण्यानं दुबईहून त्यांना उंची स्पीकर आणून दिलेले. त्या स्पीकरला शोभावा म्हणून मालकांनी आमचा शंभर वॅटचा डबा त्यांच्या गळ्यात मारला होता. लग्नाच्या मांडवात त्याला तोड नव्हती, पण हे होतं घर.

मालक मूळचे ठाण्याचे. 'बारीक आवाज' ऐकून त्यांनी पहिल्या खेपेला स्पीकरही मागवून त्यातला ट्वीटर बदलायला लावला होता. ट्वीटर म्हणजे पातळ, उंच स्वर वाजवणारा छोटा स्पीकर. आताही त्यांचं तेच. "ट्वीटरच असणार. दुसरा टाक."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी इथल्याच पालमचा. आमच्याकडं रेडिओ हळू करायचा तर 'बारीक कर' म्हणतात.

"माणिकराव, बारीक म्हणजे पातळ, का कमी?"

"कमी हो! मोठ्यानं लावलं की एकदम झकास. पण मोठ्यानं लावतंय कोण? घरात माय आजारी हाय."

मग मी डबा घेऊन त्यांच्या घरी जाऊनच ऐकलं. त्यांच्या पत्नी शोभाताई लग्नाआधी गायच्या. परभणीच्या रेडिओ केंद्रावर गळ्याची परीक्षा तोंडावर आलेली. तानपुरा धरायला कुणी नाही, म्हणून तानपुऱ्याची कॅसेट लावून रियाज. सासूबाई शेजारच्या खोलीत निजलेल्या, म्हणून आवाज बारीक.

"सा लावला की तानपुरा कुरकुरतो बघा दादा," त्या म्हणाल्या. "माझा सूर सुटतो. ह्या खेपेला जमलं न्हाई तर गाणं बंद. किती दिवस घरच्यांना बेजार करू?"

त्यांचे डोळे भरून आले. मी डबा उचलून परत दुकानात आणला.

दोष समजायला सोपा आहे. आमचा डबा क्लास बी जातीचा होता. त्यात दोन ट्रान्झिस्टर दोन बाजूंनी करवत ओढणाऱ्या गड्यांसारखे काम करतात. एक ओढतो, दुसरा आराम करतो. पाळी बदलताना क्षणभर दोघांचाही हात सुटतो आणि करवत अडकते. लांब ओढीत ते कळत नाही. ओढ आखूड झाली, म्हणजे आवाज कमी केला, की नुसतं अडकणंच ऐकू येतं. क्लास ए मध्ये हात कधी सुटतच नाही. आवाज साफ, पण ट्रान्झिस्टर सारखा राबतो, तापतो, वीज खातो.

मी मालकांना म्हणालो, "क्लास ए बनवतो. दहा वॅटचा."

"दहा? त्या स्पीकरला? लोक हसतील आपल्याला! त्यापेक्षा एबी कर. दोघांनाही थोडा थोडा हात लावून ठेव."

मालकांचं चूक नव्हतं. बहुतेक घरांना एबीच बरा. पण आमच्याकडचा उन्हाळा! खोली तापली की त्या 'थोडा थोडा'चं माप बदलतं, आणि तेव्हा हाताशी असलेल्या सामानात मला त्याचा भरवसा नव्हता. शिवाय शंभर वॅट लागणार कुणाला होते? स्पीकर दहातच भरून वाजायचे.

"हसू द्या," मी म्हणालो. "ताईंना गाऊ द्या."

मालक पुटपुटले, पण जास्तीची वीज पुरवायला मोठा ट्रान्सफॉर्मर त्यांनीच काढून दिला. उष्णता बाहेर टाकायला मी अॅल्युमिनियमच्या जाड पट्ट्या लावल्या. घरी जोडल्यावर माणिकरावांनी हात लावून बघितला आणि झटकन मागं घेतला. "अगागा! ह्याच्यावर पापड भाजंल की!"

शोभाताईंनी कॅसेट लावली, आवाज अगदी बारीक केला. तानपुरा स्वच्छ. त्यांनी सा लावला आणि धरूनच ठेवला. आतून सासूबाई म्हणाल्या, "थांबू नको ग. बरं वाटायलंय."

त्या परीक्षेत शोभाताई पास झाल्या. तेव्हापासून मी कुठल्याही गिऱ्हाइकाला वॅट सांगायच्या आधी विचारतो, ऐकणार किती आवाजात?

त्यांचं गाणं पहिल्यांदा रेडिओवर लागलं, तेव्हा आम्ही तो परत आलेला शंभर वॅटचा डबा दुकानाच्या दारात जोडला. समोर टांगेवाले, हमाल, स्टेशनवरून उतरलेली माणसं थांबली. मालक मान डोलवत म्हणाले, "जरा बारीक कर रे."

मी विचारलं, "पातळ का कमी?" आणि बटण आणखी वर नेलं.